नायटा बरा होऊन पुन्हा का येतो : बुरशीवरचे मलम वापरताना नेमके कुठे चुकते

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कोपरखैरण्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक गृहस्थ आले आणि त्यांनी काउंटरवर एक प्लास्टिकची पिशवी उपडी केली. पिशवीतून मलमाच्या सात ट्यूब बाहेर पडल्या. वाशीच्या घाऊक बाजारात ते माथाडीचे काम करतात. जांघेत आणि कमरेभोवती नायटा आहे, एप्रिलपासून तो जातो आणि परत येतो, असे त्यांनी सांगितले. "ताई, यातली एकही चालत नाही. यापेक्षा जोरदार काहीतरी द्या," असे त्यांचे म्हणणे होते.

मी त्या ट्यूब एकेक करून हातात घेतल्या. सातपैकी चारांमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड मिसळलेले होते. उरलेल्या तीन साध्या होत्या, पण त्यांतली एकही निम्म्यापर्यंत संपलेली नव्हती. त्यांचा नायटा पुन्हा पुन्हा का येत होता, याचे बरेचसे उत्तर त्या पिशवीतच होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, गोदामांत, बाजारांत राबणारी आणि संध्याकाळी घामाने भिजून लोकलमध्ये उभी राहणारी असंख्य माणसे हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. रोगाचे निदान करणे हे माझे काम नाही, परंतु औषध कसे वापरावे आणि कसे वापरू नये हे सांगणे माझ्या कामाचाच भाग आहे.

सर्वांत आधी खोका वाचा

नायट्याचे मलम लावल्यावर दोन-तीन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली, आणि मलम बंद केल्यावर आठ-दहा दिवसांत तोच चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत आला, असे झाले असेल तर पहिला संशय मलमातल्या स्टिरॉइडवर घ्यावा. ट्यूबच्या खोक्यावर कंपनीने दिलेले मोठे नाव असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात. वाचायचे ते ही बारीक अक्षरे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, सर्टाकोनॅझोल, टर्बिनाफिन, सायक्लोपिरॉक्स ही बुरशीवरची औषधे आहेत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडे आहेत. काही ट्यूबमध्ये या दोन्हींच्या जोडीला निओमायसिन किंवा जेंटामायसिनसारखे जिवाणूंवरचे औषधही घातलेले असते, आणि 'सगळ्यावर चालते' म्हणून लोक नेमकी तीच ट्यूब मागतात.

स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. ते त्वचेची प्रतिक्रिया दाबते. खाज, सूज आणि लाली ही आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध केलेल्या प्रतिकाराची चिन्हे आहेत. तो प्रतिकारच थंड पडला की माणसाला बरे वाटते, पण बुरशीला मोकळे रान मिळते. नायट्याची जी ओळखीची खूण, म्हणजे उंचावलेली, लालसर, बारीक पापुद्रे सुटणारी गोल कडा आणि मधला भाग तुलनेने स्वच्छ, ती खूणही पुसट होते. कधी एका वर्तुळात दुसरे वर्तुळ दिसू लागते, तर कधी कडाच नाहीशी होते, आणि मग पुढच्या डॉक्टरांनाही रोग ओळखणे अवघड जाते. जांघेतली, काखेतली आणि चेहऱ्यावरची त्वचा मुळातच नाजूक असते. तिथे असे मलम महिनोन्‌महिने लावले तर ती पातळ होते आणि जांघेत जांभळट, रुंद भेगांसारखे पट्टे उमटतात. बुरशी गेली तरी हे पट्टे कायम राहतात. विशी-बाविशीच्या मुलांच्या मांड्यांवर असे पट्टे पाहिले की फार वाईट वाटते, कारण ते नायट्याने पडलेले नसतात, औषध म्हणून लावलेल्या मलमाने पडलेले असतात.

केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये त्वचेवर लावायच्या 14 स्टिरॉइडांचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला. याचा अर्थ असा की ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आमच्या व्यवसायातल्या सर्वांनीच हे पाळले असते तर ती सात ट्यूबांची पिशवी भरलीच नसती, हे मला मान्य केले पाहिजे. माझ्या उमेदवारीच्या वर्षांत, ज्या दुकानात मी काम शिकले तिथे, नायटा म्हटले की मिश्र मलमाचीच ट्यूब पुढे केली जाई. मीही ती दिली आहे. म्हणून आज कोणी चिठ्ठीशिवाय ती मागितली तर मी नकार देते आणि का देत नाही तेही समजावून सांगते.

यात एक धोक्याची जागा आहे. तुम्ही मिश्र मलम बरेच महिने लावत असाल आणि हे वाचून ते आजच बंद केले, तर पुढच्या काही दिवसांत खाज आणि लाली एकदम उसळू शकते. हा उसळलेला त्रास सहन न होऊन माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो आणि चक्र चालू राहते. अशा वेळी स्वतःच्या मनाने प्रयोग न करता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

किती मलम, किती जागेवर, किती दिवस

आता त्या तीन साध्या ट्यूबांकडे येऊ. त्यांत औषध योग्य होते, तरीही नायटा गेला नाही. मी विचारले, "किती दिवस लावलेत?" ते म्हणाले, "खाज थांबेपर्यंत." घोळ इथेच आहे. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, निर्जीव थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते. बहुतेक बुरशीनाशक औषधे तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे तिची वाढ थांबते आणि ती मरू लागते. परंतु बुरशीने भरलेला तो थर झडून त्याजागी नवी त्वचा वर यायला सुमारे चार आठवडे लागतात. खाज मात्र पहिल्या आठवड्यातच कमी होते. खाज थांबल्यावर मलम बंद केले की थरात उरलेल्या बुरशीतून नायटा पुन्हा उगवतो, आणि आपण म्हणतो की औषध चालले नाही.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते तीन दोन लक्षात ठेवावेत. मलम सहसा दिवसातून दोन वेळा लावावे, दिसणाऱ्या कडेच्या बाहेर चोहोबाजूंनी दोन सेंटीमीटर लावावे, आणि चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावत राहावे. लुलिकोनॅझोलसारखी काही औषधे दिवसातून एकदाच लावायची असतात, तेव्हा खोक्यातला कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांत लिहिलेले प्रमाण मानावे. कडेबाहेरच्या दोन सेंटीमीटरला महत्त्व आहे, कारण नायटा बाहेरच्या दिशेने पसरतो आणि डोळ्यांना कडा दिसते त्याच्या पुढेही बुरशी पोहोचलेली असते. लावताना बाहेरून आत यावे.

मलम किती घ्यावे हे मी बोटावर दाखवते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सरळ रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरते. मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला तेवढे पुरते. त्या गृहस्थांचा चट्टा कडेबाहेरची जागा धरून साधारण तेवढाच होता. म्हणजे एका वेळी अर्धा ग्रॅम, दिवसाला एक ग्रॅम आणि चार आठवड्यांना 28 ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी होती आणि तशा किमान तीन लागल्या असत्या. त्यांच्या त्या तिन्हींतली एकही निम्मीसुद्धा संपली नव्हती. औषध महाग आहे, पुरवून वापरावे, ही काटकसर मला समजते. पण नायट्यावर मलमाचा नुसता हात फिरवला तर पैसेही जातात आणि नायटाही राहतो. उलट, जाड थर दिल्याने लवकर गुण येत नाही. जांघेत त्याने ओल धरते आणि त्वचा पांढरी पडून फुगते. पातळ थर द्यावा आणि तो त्वचेत जिरेपर्यंत हलक्या हाताने चोळावा.

लावण्याआधी जागा कोरडी असणे फार महत्त्वाचे आहे. अंघोळीनंतर टॉवेलने घासू नये, टिपावे, पाच-दहा मिनिटे वारा लागू द्यावा आणि मग मलम लावावे. वर पट्टी बांधू नये. हात साबणाने धुवावेत, आधीही आणि नंतरही. पायांच्या बोटांमध्येही चिखल्या झाल्या असतील तर त्यांवरही त्याच काळात उपचार करावेत, कारण पायाची बुरशी कपड्यांमार्फत जांघेत चढते. अंतर्वस्त्र घालताना ते तळव्यांवरून, बोटांवरून वर ओढले जाते, म्हणून आधी मोजे घालावेत आणि मग अंतर्वस्त्र. ही साधी गोष्ट सांगितली की बहुतेकांना नवल वाटते.

घरात आणि कपड्यांत दडलेली बुरशी

औषध बरोबर, मात्रा बरोबर, दिवसही पुरे, आणि तरीही दोन महिन्यांनी नायटा परत आला, तर घरात पाहावे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे धड वाळत नाहीत. गॅलरी ग्रिलने बंद, दोरी घरातच आणि पंख्याखाली वाळवलेली जीन्स शिवणीत दमट राहते. तीच सकाळी घालून माणूस ठाण्याहून वाशीच्या किंवा पनवेलच्या गाडीत गर्दीत उभा राहतो. बुरशीला याहून सोयीचे काय असणार? शक्य असेल तिथे घट्ट जीन्स आणि नायलॉनची अंतर्वस्त्रे टाळून सैल, सुती कपडे वापरावेत. कंपनीचा गणवेश सिंथेटिक असेल तर आत सुती बनियन घालावे आणि घरी आल्यावर तो लगेच काढावा. बाधित माणसाचे कपडे, टॉवेल आणि चादर वेगळी धुवावीत. यंत्रात सोय असेल तर 60 अंश तापमानाला धुवावीत, नसेल तर कढत पाण्यात भिजवावीत. ऊन असेल तेव्हा कपडे उलटे करून वाळत घालावेत आणि पावसात शिवणींवर, कमरेच्या पट्ट्यावर गरम इस्त्री फिरवावी.

त्या गृहस्थांच्या कमरेला काळा करगोटा होता. चट्टा नेमका त्या दोऱ्याच्या रेषेवर सुरू झाला होता. करगोटा कधी निघत नाही, दिवसभर घाम पितो, अंघोळीनंतर कोरडा होत नाही, आणि माणूस औषध लावतो ते त्याच्या खालून-वरून. लहानपणापासून बांधलेल्या दोऱ्याशी भावना जोडलेल्या असतात, म्हणून हे बोलताना मी जपून बोलते. तो नवा बांधावा, पण उपचार संपल्यावर, असे सुचवते. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीखालचा वळ, मनगटातला दोरा, बोटातली घट्ट अंगठी या जागा पाहाव्यात.

एकाच घरात दोघा-तिघांना नायटा असेल तर सर्वांवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत. जांघेतली खाज सांगायला लोक लाजतात. सासू सुनेला सांगत नाही, मुलगा वडिलांना सांगत नाही, आणि एकच टॉवेल सगळ्यांत फिरतो. उपचार एकाचा आणि बुरशी सगळ्यांची, मग ती जाणार कशी? ट्यूब मात्र प्रत्येकाची वेगळी असावी.

दरवेळी दोष वापरणाऱ्याचा नसतो

हे लिहायलाच हवे, कारण सगळे नीट पाळूनही बरी न झालेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना उगाच बोल लावणे अन्यायाचे आहे. भारतात आज नायट्याचे जे हट्टी रुग्ण दिसतात, त्यांच्यामागे पुष्कळदा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी असते. जपानी संशोधकांनी 2020 मध्ये तिला हे नाव दिले. हिच्यावर टर्बिनाफिन अनेकदा लागू पडत नाही, कारण ते औषध बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते त्या विकराच्या जनुकातच बदल झालेला असतो. अशा रुग्णाला नुसत्या मलमाने भागत नाही. पोटात घ्यायचे दुसरे औषध लागते आणि ते काही आठवडे, कधी काही महिने चालते. त्या गोळ्यांपैकी काहींचे यकृतावर परिणाम होऊ शकतात आणि काही इतर गोळ्यांशी जुळत नाहीत, म्हणून त्या शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून घेऊ नयेत.

प्रत्येक गोल चट्टा नायटाही नसतो. इसब, सोरायसिस, धातूची किंवा साबणाची ॲलर्जी हेही गोल चट्ट्यांच्या रूपात दिसू शकतात आणि त्यांवर बुरशीचे मलम कितीही लावले तरी गुण येत नाही. छाती-पाठीवरची शिबं ही बुरशीचीच, पण वेगळ्या जातीची. तिथे बुरशी मेल्यानंतरही पांढरट डाग भरून यायला काही महिने लागतात, तेव्हा डाग दिसतो म्हणून औषध लावतच राहण्याचे कारण नसते. नखातली बुरशी आणि मुलांच्या डोक्यातला नायटा यांवर मलम पुरे पडत नाही, कारण औषध नखाच्या किंवा केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. मुलाच्या डोक्यात केस तुटलेला, खवल्यांचा गोल दिसला तर मलमात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

मलम लावताना सांभाळायच्या गोष्टी

पहिले एक-दोन दिवस लावल्यावर थोडी चुरचुर होऊ शकते आणि ती काही मिनिटांत शमते. मात्र जागा अधिक लाल होऊन सुजली, फोड आले, पाणी सुटले किंवा पुरळ मलमाच्या बाहेर पसरले, तर मलम धुवून टाकावे, बंद करावे आणि पुन्हा लावून पाहू नये. डोळे, तोंड आणि उघडी जखम यांपासून ते दूर ठेवावे. त्वचेचे मलम योनिमार्गात वापरू नये, त्यासाठी औषधाचे वेगळे रूप मिळते. जननेंद्रियाजवळ लावलेल्या क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोलसारख्या काही मलमांमुळे लॅटेक्सचा निरोध कमजोर होऊ शकतो, ही माहिती लोक विचारत नाहीत म्हणून आपणहून सांगावी लागते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोल वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. तोंडात लावायच्या जेलने तर रक्तस्राव होण्याइतका परिणाम होऊ शकतो, आणि त्वचेवरच्या मलमाच्या बाबतीतही सावध असावे. गरोदर स्त्रियांनी, अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी कुठलेही मलम विचारल्याशिवाय आणू नये.

घरगुती उपायांबद्दल एवढेच सांगते की ठेचलेला लसूण, लिंबू-मीठ, निर्जंतुक करण्याचे द्रव पाणी न घालता, आणि रॉकेल, या चारांनीही भाजलेली त्वचा घेऊन माणसे आली आहेत. भाजलेल्या त्वचेवर बुरशीचे औषधही मग लावता येत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे

चट्टे अनेक जागी पसरले असतील, चेहऱ्यावर असतील, दोन ते चार आठवडे नीट औषध लावूनही फरक नसेल किंवा पूर्वी स्टिरॉइडचे मलम लागलेले असेल, तर थांबू नये. मधुमेह असलेल्यांनी तर पायाच्या बोटांमधल्या चिखल्याही अंगावर काढू नयेत. त्या भेगांतून जिवाणू शिरून पाय लाल, गरम आणि सुजलेला झाला, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नायटा सारखा येतो आणि वजन घटते, तहान लागते, असेही असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

खासगी तज्ज्ञांची फी परवडत नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात त्वचाविकारांची ओपीडी असते. ठाण्याच्या लोकांना कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय जवळ पडते आणि त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तिथे कडेवरचे पापुद्रे खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहता येतात. ही चाचणी साधी असते आणि फारशी दुखत नाही. आदल्या दिवसापर्यंत मलम लावले असेल तर तंतू दिसेनासे होऊ शकतात आणि चाचणी उगाच नकारात्मक येऊ शकते, म्हणून किती दिवस आधी मलम थांबवायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी आठवी ट्यूब दिली नाही. सातही ट्यूब पुन्हा पिशवीत भरून दिल्या आणि एका कागदावर कोणती कधीपासून कधीपर्यंत लावली ते, त्यांना आठवेल तसे, लिहून दिले. पिशवी टाकू नका, डॉक्टरांसमोर अशीच उपडी करा, असे सांगितले. तुमच्याही कपाटात अर्धवट वापरलेल्या ट्यूब असतील, तर तपासणीला जाताना त्या सगळ्या सोबत न्याव्यात.